लाल ग्रीसची पुडी

आबांनी दोन झाकणं नातीपुढे ठेवली. आठवड्यापूर्वी दोघांनी ब्रेकच्या दोन सारख्या रबरी रिंगा बुडवून ठेवल्या होत्या, एक ब्रेकच्या दुरुस्ती-किटमधल्या लाल ग्रीसमध्ये आणि एक बेअरिंगच्या पिवळ्या ग्रीसमध्ये.

"आता पिस्टनवर चढवून बघ."

लालमधली रिंग घट्ट बसली. पिवळ्यातली फुगली होती.

"आबा, ही तुमच्यासारखी जाडी झाली!"

"म्हणून ब्रेकमध्ये पिवळं ग्रीस लावायचं नाही," आबा हसले. "रबर फुगलं की पिस्टन अडकतो. ब्रेक सुटत नाही, तापत राहतो. आणि फार तापला की ऐन उतारावर लागत नाही."

नात विचारात पडली. "मग बाबांनी का लावलं?"

"कधी?"

"आपण रिंगा बुडवल्या त्याच दिवशी. गाडीचे ब्रेक खोलले होते तेव्हा. किटमधली लाल पुडी ते शोधत होते, पण ती आपण प्रयोगाला वापरली होती. मग त्यांनी पिवळा डबा घेतला."

आबांनी अंगणात पाहिलं. मुलगा आणि सून सकाळीच गाडी घेऊन घाटाकडे गेले होते.

फोन सुनेनं उचलला. "आबा, चाकातून जळका वास येतोय. हे म्हणतात, अर्धा घाट उतरलाय, आता खालीच बघू."

"त्याला म्हणावं, आत्ता थांबव!"

"अहो, आबा थांबवा म्हणतात."

पलीकडून मुलाचा आवाज आला.

"थांबवतोच आहे. ब्रेकवरचा पाय तळाला टेकलाय."