मामाची स्कूटर

पुढची स्कूटर पुन्हा बंद पडली तेव्हा रिस्तेनने आपलीही थांबवली आणि ती बर्फात थुंकली.

"मेली परत!"

पुढे तिचा धाकटा भाऊ आस्लात हँडल धरून तसाच बसून होता. बर्फावर धावणारी ती स्कूटर हळू चालवली तर कुरकुरत नव्हती. जरा वेग दिला की गुदमरायची, दोन आचके द्यायची आणि गप्प. थोडं थांबलं की शहाण्यासारखी सुरू.

"पेट्रोलच भेसळीचं आहे," आस्लात म्हणाला. "तू माघारी जा. मी येतो बघून एकटाच."

"मघाशी थंडी, आता पेट्रोल. पुढच्या वेळी दृष्ट लागली म्हण."

रिस्तेनला घाई होती. तिच्या मुलीची, सुन्नाची, पांढऱ्या नाकाची रेनडिअर मादी आठवडाभर कळपात दिसली नव्हती. गाभण होती. निघताना सुन्नाने स्वतः विणलेला लाल लोकरीचा पट्टा आईच्या खिशात कोंबला होता, सापडली की गळ्यात बांधायला. "मामा शोधेलच," असंही वर सांगितलं होतं. मामावर तिचा भारी जीव. तिचा पहिला दात मामालाच आधी दिसला होता, आणि ज्याला दात दिसेल त्याने बाळाला एक पिल्लू द्यायचं ही इथली रीत. ही मादी म्हणजे ते पिल्लू.

"प्लग बघू," म्हणत ती उतरली.

ती पोचायच्या आत आस्लातने उडी मारली, इंजिनावरचं झाकण उघडलं आणि पाठ करून उभा राहिला. जन्मात ज्याने बोटाला तेल लागू दिलं नाही, तो हातमोजे काढून स्वतः प्लग खोलत होता. रिस्तेनला नवल वाटलं. त्याने मागे हात करून प्लग दिला. काळा आणि पेट्रोलने चिंब.

"पेट्रोल भरपूर येतंय," ती म्हणाली. "हवा कमी पडतेय हिला. सरक, हवेचं तोंड बघू दे."

"तिथे काही नाही. मी बघितलं."

"ते कुठे असतं ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"राहू दे ना गं, रिस्तेन. उशीर होतोय."

"सरक म्हटलं ना!"

तो सरकला नाही. तिने त्याला खांद्याने बाजूला लोटलं.

इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाखाली एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी कोंबलेली होती. तिची एक कड सुटून लोंबत होती. वेग वाढला की ती कड ओढली जाऊन तोंडावर चिकटत असणार आणि इंजिन थांबलं की गळून पडत असणार. एवढंच दुखणं होतं. रिस्तेनने पिशवी ओढून काढली. इंजिनाच्या उबेने आतलं वितळलं होतं. कुजका, गोडसर वास नाकात शिरला. तिला वाटलं, उंदीर.

ते कान होते. केस ओले, कडांना काळं पडलेलं रक्त.

जनावर कुणाचं ते इथे कानावरून कळतं. ज्याची त्याची खूण कानावर कापलेली असते. म्हणून चोराला मांस पचतं, कान पचत नाहीत. पुरले तर कोल्हे उकरतात, जाळले तर वास गावभर होतो. कुठेतरी लांब, एकट्याने जाऊन टाकावे लागतात. रिस्तेनने ते हातमोज्यावर उलगडले. उजव्याचं टोक तिरकं छाटलेलं, डाव्याला खालून खाचा. सुन्नाची खूण. ती कापलीही होती मामानेच, हौसेने, स्वतःच्या सुरीने.

"सोयरे यायचे होते गं," आस्लात पुटपुटला. "माझ्या कळपात पाहुण्यांच्या ताटात वाढण्यासारखं एकही जनावर नव्हतं. सगळ्यांच्या फासळ्या दिसतात. मुलीकडच्यांसमोर काय अब्रू राहिली असती? सुन्नाला मी दुसरं देणारच होतो. याहून चांगलं."

म्हणजे रविवारचं जेवण. त्याच्या होणाऱ्या बायकोचे आईवडील आले होते, रश्श्यावर बोटभर चरबी तरंगत होती, आणि मामाने सगळ्यांत मोठी नळी सुन्नाच्या ताटात वाढली होती. पोरीने ती चोखली, ताटावर आपटून पुन्हा चोखली आणि बोटं चाटत विचारलं, "मामा, अजून आहे?" मामाने अजून वाढली होती.

ती चरबी रिस्तेनच्या जिभेवर परत आली. ती वाकली आणि भडाभडा ओकली. किळस मांसाची नव्हती. मांस चांगलंच होतं.

"सुन्नाला नको सांगूस," तिच्या पाठीमागून तो म्हणाला. "लांडग्याने नेली म्हणू."

तिने मूठभर बर्फाने तोंड पुसलं. आपल्याकडचा कोरडा प्लग बसवला, झाकण लावलं, दोरी ओढून इंजिन सुरू केलं. मग त्याच्या स्कूटरवर बसून तिने त्याच्याभोवती एक मोठा फेरा मारला, भरधाव. स्कूटर एकदाही अडखळली नाही.

त्याच्यासमोर येऊन ती उतरली. इंजिन चालूच ठेवलं. कान पिशवीत घातले, खिशातला लाल पट्टा काढून पिशवीचं तोंड बांधलं आणि ती त्याच्या हँडलला अडकवली.

"चल घरी," ती म्हणाली. "आता वाटेत कुठे बंद पडायची नाही. सुन्ना दारातच उभी असेल."