वाकडं फुलपाखरू

राहीनं ताट नवऱ्यासमोर, लडकूसमोर सरकवलं आणि पाठ फिरवली. भात, कालवण, बाजूला कांदा. शब्द एकही नाही. आज अकरावा दिवस.

"कालवणात मीठ लय झालंय गो," लडकू म्हणाला. मीठ बरोबर होतं. भांडायला तरी तोंड उघडेल, एवढाच बेत. राही उठली, मिठाची बरणी त्याच्यापासून लांब ठेवली आणि परत कामाला बसली.

चूक लडकूचीच होती. त्यानं गंडवला नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. आमदार आले सांगून सरपंचाला त्यानं अर्ध्या दाढीनं नाक्यापर्यंत पळवलं होतं. पण एक एप्रिलला त्याला घरातच खाज सुटली. वाशिंदला कामावर निघताना चपला घालता घालता म्हणाला, "शेजारी फोन आलेला. तुझा धर्मा येतोय आज मुरबाडहून."

धर्मा म्हणजे राहीचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी आईच्या दहाव्याला ती त्याला सगळ्यांदेखत बोलली होती, "तू टायमावर कल्याणला दवाखान्यात नेली असती तर आय वाचली असती." धर्मा उठून गेला. तेव्हापासून ना भाऊबीज, ना निरोप.

लडकूला वाटलं, राही गल्लीच्या टोकापर्यंत जाईल आणि शिव्या घालत परत येईल. तो कामाला लागला आणि विसरूनही गेला. संध्याकाळी परतताना बघतो तर राही नाक्यावर उभी. ठेवणीतली साडी नेसलेली. घरी अंड्यावरची कोंबडी कापून शिजवून ठेवलेली. दुपारपासून तीन एसट्या तिनं दारापासून मागच्या खिडकीपर्यंत बघितल्या होत्या. लडकूच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "एप्रिल फूल!"

राही वळली आणि चालायला लागली. घरी येऊन कोंबडी शेजारीपाजारी वाटून टाकली. झालं. त्या दिवसापासून घरात आवाज उरला तो फक्त हातोड्याचा.

कारण राही ग्रीटिंग कार्डं करायची. शहापूर-मुरबाडचे स्टेशनरीवाले घेऊन जायचे. त्यासाठीच्या डाय, म्हणजे कागद कापायचे साचे, लडकूनंच कामावरच्या वर्कशॉपात बनवून दिल्या होत्या, लोखंडी पाइपाचं तोंड ठोकून, घासून, धार काढून. एक फूल, एक पान, एक फुलपाखरू. ठोकळ्यावर रबर, रबरावर रंगीत कागद, त्याच्यावर डाय आणि हातोड्याचा एकच ठोका. फुलपाखरू सुटं होऊन हातात. राहीच्या ठोक्यानं पंखाला कधी साधा तूससुद्धा राहायचा नाही.

बाराव्या दिवशी ती पाण्याला गेली तेव्हा लडकूनं हातोडा घेतला. डाय बनवणाऱ्याला ठोका मारता येतोच असं नाही. पहिला कागद फाटला, दुसरा चेंगरला. फुलपाखराचा एक पंख तुटला, तो त्यानं डिंकानं जोडला. फुलं उलटी बसली. आत काही लिहायचं तर हात उठेना, म्हणून अक्षरंही कातरूनच चिकटवली. ‘माझं चुकलं.’

राही आली. कार्ड उघडलं, वाचलं, मिटलं. त्याच्या गुडघ्यावर ठेवलं आणि चूल पेटवायला गेली.

लडकू कार्डाकडं बघत बसला. मग शर्ट चढवला आणि मुरबाडची एसटी पकडली.

धर्मा गुरांना पेंढा घालत होता. त्यानं कार्ड उघडलं. उलटसुलट करून बघितलं.

"तायनं दिलं?"

"मंग? मी काय फुलं चिकटवत बसतो होय रे?"

लडकूनं जन्मभर थापा मारल्या, पण ही मारताना तो धर्माकडं नाही, गुरांकडं बघत होता. धर्मानं कार्ड खिशात घातलं, त्याला पाणी दिलं, आणि येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणालाही नाही.

रविवारी सकाळी राही ठोके घालत बसली होती. लडकू दारात आला.

"राही, धर्मा आलाय गो."

ठोका थांबला नाही. कशाला थांबेल?

"ताय," मागून आवाज आला.

हातोडा वरच्या वर राहिला.

धर्मा आत आला. कानशिलावरचे केस पिकले होते. राहीनं घाईघाईनं कागद बाजूला करून जागा केली, पण तो बसला नाही. खिशातलं कार्ड काढून त्यानं तिच्यापुढं धरलं.

"मुरबाडच्या दुकानात मी तुझी कार्डं बघतो, ताय. कसं बारीक काम असतं! आन् हे असं?" त्यानं एकदा लडकूकडं बघितलं. "मला खरं सांग. हे तू केलंस, का भावजींनी मला पन गंडवला? तसं असंल तर मी असाच माघारी जातो. मला वाईट नाय वाटनार."

वाईट वाटणार नाही म्हणताना त्याचा आवाज फाटला.

लडकूनं दाराची चौकट धरली. 

राहीनं कार्ड हातात घेतलं. डिंकाचे डाग, उलटी फुलं, फुलपाखराचा जोडलेला पंख. आत कातरून लावलेले दोन शब्द तिनं बोटानं चाचपले. मग मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं.

"मीच केलं रे," ती धर्माला म्हणाली. "हात थरथरत होता, म्हनून वाकडं झालं."