विरोधातलं भाषण

बाल्झ एल्मर नऊ कंपन्यांच्या संचालक मंडळांवर होता आणि त्याचा फोन आला की बर्नमधले स्विस मंत्री जेवणावरून उठत. त्यांतलेच एक, ऊर्जामंत्री हुबर, आज पाहुणे म्हणून त्याच्या शेजारी उभे होते. ग्लारुसची मे महिन्यातली जनसभा. भर चौकात सगळा प्रांत जमतो आणि हात वर करून कायदे ठरवतो. बाल्झच्या धरणाला आज मंजुरी मिळणार, याबद्दल हुबरांच्या मनात शंकाच नव्हती.

मग ऐंशीच्या पुढची एक बाई काठी टेकत मंचावर चढली. रेगुला एल्मर, बाल्झची आई.

"माझा मुलगा नऊ मंडळांवर बसतो," ती म्हणाली. "तिथे त्याला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून मी आलेय. वरच्या कुरणात आमच्या गायी चरतात. ते कुरण बुडवायचं नाही."

हुबरांनी हळूच शेजारी पाहिलं. बाल्झ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. शिव्याच देत असणार बिचारा.

हात वर झाले. सभापतींनी एकदा नजर फिरवली आणि प्रस्ताव पडल्याचं जाहीर केलं.

"अरे, आईला आवरायचं तरी," हुबर कुजबुजले. "ती बोलणार हे तुला माहीत नव्हतं?"

"होतं की. महिनाभर घोकत होती. दर वेळी गायींपाशी येऊन अडखळायची." गर्दीतून येणाऱ्या आईकडे पाहून बाल्झने टोपी काढली. "आज सकाळी गाडीत मीच पाठ करून घेतलं. पाहिलंत ना, एक शब्द चुकली नाही."