पाण्याची हाक

दिपालीने स्पीकरचं बटण दाबलं आणि जाळीतली एकशेचाळीस मेंढरं एकदम उठली.

कोकरं आयांच्या पायांत सापडली. पुढची मेंढी जाळीला तोंड लावून स्पीकरकडे बघू लागली, बाकीची तिला मागून रेटू लागली. दिपालीने घाईने आवाज बंद केला. मेंढरं बसली नाहीत.

ही हाक तिने दुपारीच तलावावर मोबाइलमध्ये घेतली होती. मेंढरं पाण्यावर न्यायची झाली की तिचे वडील हरिबा ती द्यायचे. लांब, शब्द नसलेली, शेवटाला वर उचललेली हाक.

सोलापुरातल्या कला महाविद्यालयात दिपालीचं हे शेवटचं वर्ष. वार्षिक प्रदर्शनासाठी तिला कॉलेजच्या हॉलमध्ये एक अंधारी खोली उभी करायची होती. पायाखाली लोकर, भिंतींना घोंगड्या, घोंगड्यांना चिंचोक्याच्या खळीचा वास आणि समोरून ही हाक. बघणाऱ्याने आवाजाच्या रोखाने चालत जायचं. पाच इंद्रियांचा तक्ता तिने सरांना दाखवला होता. त्यातल्या ‘चव’ या रिकाम्या रकान्यात बिराजदार सरांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं होतं. शेंगाचटणी ठेव, लोक दोनदा रांग लावतील, असं मैत्रीण रेश्मा म्हणाली होती. बावीस कामांतली सहाच पुढे पुण्याच्या प्रदर्शनाला जाणार होती. तक्ता आणि आवाज सोमवारी सकाळी द्यायचा होता. आज रविवार होता, म्हणून ती घरी आली होती. स्पीकरवर आवाज कसा येतो, एवढंच तिला पाहायचं होतं.

“कॉलेजात जाऊन मेंढरं उठवायला शिकलीस व्हय गं?” आई, अंबुबाई, चुलीपुढून म्हणाली.

हरिबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसले होते. त्यांनी काटा काढला, मेंढी सोडली आणि काठी उचलली.

“आता कुटं निघालासा?” अंबुबाईने विचारलं.

“पाण्यावर.”

“अवो, दुपारीच पाजल्यात की! बसतील गप.”

“हाक गेली न्हवं,” हरिबा जाळीची दोरी सोडत म्हणाले. “आज न्हाय नेलं तर उद्या माज्या हाकंला उठायची न्हाईत.”

पाझर तलाव दोन किलोमीटरवर होता. दिपाली कळपाच्या मागे चालली. हरिबा रागावले नाहीत. वाटेत एक लंगडं कोकरू त्यांनी उचलून तिच्या हातात दिलं, एवढंच.

तलाव आटून मध्यावर गेला होता. मेंढरं काठाला पोहोचली. दहा-बारांनी तोंड लावलं, बाकीची नुसती उभी राहिली. तहान कुणालाच नव्हती. तरी शेवटची मेंढी पाण्याशी येईपर्यंत हरिबा थांबले. मग त्यांनी कळप वळवला.

परतताना त्यांनी विचारलं, “कॉलेजात हीच हाक लावणार?”

“व्हय, आण्णा. अंधार असतोय. माणसं हाकंच्या दिशेनं चालत जाणार.”

“आन तितं पोचल्यावर?”

“पोचल्यावर काय न्हाय. तितं संपतंय.”

उसाच्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी हरिबांनी कळप कडेला घेतला. ट्रॅक्टर गेला, धूळ बसली.

“मग बोलवायचं कशाला?” ते म्हणाले.

कोकरू दिपालीच्या हातात झोपलं होतं.

सोमवारी ती पहिल्या एसटीने सोलापूरला आली. दहा वाजता बिराजदार सरांनी हेडफोन लावून हाक ऐकली. पुन्हा लावली. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले.

“हे पुण्याला जाणार,” ते म्हणाले. “मी तुझं नाव सहांत धरतोय.”

मग त्यांनी तक्ता वाचायला घेतला. खालच्या रकान्यातल्या लाल प्रश्नचिन्हाशेजारी आता एकच शब्द होता. पाणी.

“पाणी म्हणजे?”

“प्यायचं पाणी, सर. हाक जिथून येते तिथं.”

“हॉलमध्ये पाणी चालणार नाही. सगळ्या वायरी जमिनीवरून गेल्यात. ऑफिस परवानगी द्यायचं नाही.” सरांनी पेनाचं टोपण काढलं. “चव राहू दे कोरी. ही हाक असल्यावर कुणी विचारणारसुद्धा नाही.”

“थांबा, सर.”

तिने कागद त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा करून समोर ठेवला. मागे पेन्सिलीने नकाशा काढलेला होता. अंधाऱ्या खोलीतून एक रेघ मागच्या दाराने बाहेर पडत होती. व्हरांड्यातून, पायऱ्या उतरून, ती कडुनिंबाखालच्या नळापर्यंत जात होती. स्पीकर खोलीत नव्हता. तो नळापाशी होता.

सरांनी पेन खाली ठेवलं. “हॉलबाहेरचं काम निवडीत धरत नाहीत, दिपाली. नियम माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“पुणं हातचं जाईल.”

“हो, सर.”

ते पुन्हा नकाशाकडे बघू लागले. रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, दारापासून नळापर्यंत. “आणि ओंजळभर पाण्यासाठी लोकांना एवढं लांब चालवणार?”

“ऐंशी पावलं आहेत, सर,” दिपाली म्हणाली. “तुमच्याकडे यायच्या आधी मोजून आले.”