पाच दिवसांची गळती

"सोमवार ते शुक्रवार गळतं आणि शनिवार-रविवार सुट्टी?" प्लंबरने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून डोकं बाहेर काढलं. "पाणी आहे का ऑफिसातला साहेब आहे हे?"

भिंगरी हसली नाही. तिने वही त्याच्या नाकासमोर धरली. दोन आठवड्यांची नोंद होती, लाल पेनाने. सोमवारी दिवा, मंगळवारी दिवा, शुक्रवारपर्यंत रोज दिवा. शनिवार, रविवार बाबा आणि ती दिवसभर घरी, ते दोन्ही दिवस कोरडे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

दिवा तिनेच बनवून खालच्या कप्प्यात ठेवला होता. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चंदेरी कागदाच्या दोन पट्ट्या, एक सेल आणि एक इवलासा लाल दिवा. पट्ट्यांवर थेंब पडला की दिवा लागायचा, तो बटण दाबेपर्यंत विझायचा नाही. रोज शाळेतून आली की दप्तरासकट ती आधी कपाटाशी. कारण कपाटाला मागची फळी नव्हती, तिथल्या भिंतीवरून स्वयंपाकघराच्या नळाचा पाइप जात होता, आणि कपाटात बाबाचे खेळ होते. एक्केचाळीस खोकी. पट, पत्ते, सोंगट्या, फासे, सगळं पुठ्ठ्याचं आणि कागदाचं. पाणी लागलं की लगदा.

बाबा दोरी घेऊन तयारच होता. "उद्या सगळी काकाकडे. त्याची वरची खोली कोरडी आहे."

"काकाकडे गेलेली वस्तू परत आलीये कधी?" भिंगरी म्हणाली. "आपली शिडी कुठंय?"

"आणि भिजलेलं खोकं परत कोरडं झालंय कधी?"

"दोन थेंबांसाठी केवढा तो पसारा!" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत फेस होता. "राहू दे की इथंच."

भिंगरीने मान वळवून आईकडे पाहिलं. ही तीच आई होती, जी दर वेळी कपाट पुसताना म्हणायची, ही खोकी जातील त्या दिवशी मी या घरात हातपाय पसरून झोपेन. खेळायला बोलावलं की तिचं उत्तर ठरलेलं. मला कुठे वेळ आहे पोरखेळाला!

आई आत गेली. नळ जोरात सुरू झाला.

प्लंबरने पाइपाच्या प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून पाहिली. पट्टी जशीच्या तशी. भिंतीला तळहात लावला, गाल लावला. मग तो पुन्हा कप्प्यात वाकला, आणि या वेळी भिंतीकडे न बघता त्याने पुठ्ठ्याकडे पाहिलं. पट्ट्यांवर वाळलेले चार-पाच पांढुरके डाग होते. त्याने जीभ लावून बोट ओलं केलं आणि एका डागावर चोळलं.

"शी!" भिंगरी म्हणाली आणि आणखी जवळ सरकली.

बोटाखाली बारीकसा फेस आला.

"नळाच्या पाइपात साबण नसतो," प्लंबर म्हणाला. "हे पाणी मागून आलेलं नाही, पोरी. पुढून आलंय."

दोघांनी एकदम कपाटाच्या दाराकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मग नळाच्या आवाजाकडे. प्लंबर खाकरला आणि पाना पुसायला लागला. पाना स्वच्छच होता.

भिंगरीने खालच्या कप्प्यातली झाकणं एकेक करून बोटाने तपासली. धूळ, धूळ, धूळ. कोपऱ्यातल्या खोक्यावर मात्र धूळ नव्हती. तिने ते ओढून उघडलं. आत लाकडाची गोल पाटी, तिला तेहतीस खळगे. बत्तीस गोट्या मांडायच्या, एकीवरून दुसरीने उडी मारायची, जिच्यावरून उडी मारली ती उचलायची. शेवटी एकच उरली पाहिजे. एक्केचाळीस खोक्यांमध्ये एकट्याने खेळायचा असा हा एकच खेळ.

पाटीवर दोन गोट्या उरल्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बाकीच्या पिशवीत. पिशवीखाली वाण्याच्या यादीचा कागद होता. त्याच्या पाठीवर एका ओळीत आकडे होते. नऊ, सात, सात, पाच, चार, तीन, तीन, दोन, दोन, दोन. शेवटच्या दोनावर पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता.

अक्षर ओळखायला भिंगरीला वेळ लागला नाही. 'डबा पूर्ण संपव' याच अक्षरात लिहिलेलं असायचं.

"काय गं, सापडलं काही?" बाबाने विचारलं.

तिने झाकण लावलं. "सापडली गळती. दोरी ठेवून दे, बाबा."

बाबाने प्लंबरकडे पाहिलं.

"बारीक आहे," प्लंबर पिशवी खांद्याला लावत म्हणाला. "माझ्या पान्याने बंद व्हायची नाही. पण खोक्यांना भीती नाही, हे लिहून देतो." जाताना त्याने भिंगरीच्या वहीवर टिचकी मारली.

बाबा दोरी गुंडाळत त्याला खालपर्यंत सोडायला गेला. भिंगरी धावत गच्चीवर गेली, वाळत घातलेल्यातला छोटा टॉवेल ओढला, आणि येऊन कपाटाच्या मुठीला अडकवला.

नळ बंद झाला. आई बाहेर आली. हातांवरून पाणी टपटपत होतं. ती टॉवेलपाशी थबकली.

"हे काय?"

"गळतीवर उपाय."

आईने टॉवेलकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं नाही. मग टॉवेल घेऊन तिने हात पुसले. आधी तळवे, मग एकेक बोट, मग बोटांच्या बेचक्यासुद्धा. पुसून झाल्यावर ती आत गेली नाही. साडी सावरून कपाटासमोर खाली बसली.

"दोनच्या खाली येतच नाही गं," ती म्हणाली.