येतो हं

अकोल्याच्या भर मे महिन्यात बोलक्या, आपोआप चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीचा एसी बंद पडला आणि दिगंबररावांचं टाळकंच सरकलं. विहीणबाईंच्या दारातून लेकीला आणि दोन महिन्यांच्या नातवाला घेऊन निघायचं होतं. गॅस भरलेला होता, फिल्टर साफ होता. शेवटी बॉनेट आपटून त्यांनी गाडीलाच विचारलं, "काय गं, येताना तर गारेगार होतीस!"

"काका, तुम्ही घरात 'येतो हं' म्हणालात की तुमच्या फोनमधून ऐकून मी इथे एसी लावते, तुम्ही बसायच्या आत गार व्हावं म्हणून," गाडी रडवेली होऊन म्हणाली. "आज चारदा म्हणालात, आलात मात्र एकदाच. एसीसाठी राखलेली बॅटरी संपली. तुम्ही सरळ 'जातो' का म्हणत नाही?"

"निघताना असं कुणी म्हणतं का!" दिगंबरराव ओरडले आणि मग त्यांना हसूच फुटलं.

गाडी चार्जिंगला लावून मंडळी पुन्हा चहाला बसली. "आता 'येतो'कडे लक्ष देऊ नकोस," त्यांनी गाडीला बजावलं. "विहीणबाई लेकीला 'थांब, कुंकू लावते' म्हणाल्या, की मग सुरू कर."

युक्ती लागू पडली. आत बसताच गार झुळूक आली आणि बाळाने मजेत जांभई दिली. तेवढ्यात विहीणबाई खिडकीत वाकल्या, "अहो, एक सांगायचंच राहिलं..."

सगळा गारवा बाहेर चालला. गाडीने हळूच काच वर घेतली, गोड आवाजात म्हणाली, "येते हं, आजी!" आणि म्हटल्याबरोबर खरोखरच निघाली.