आडवं पान

"मास्तर, तुम्ही माणसं काढायची सोडलीत म्हणं?" बनुबाईंनी विचारलं.

मुरारी मास्तर वाडीच्या वरच्या बांधावर बसून समोरचा डोंगर रंगवत होते. डोंगर बोलत नाही, मरतही नाही. म्हणून हल्ली ते डोंगरच काढायचे.

"सोडली," ते म्हणाले.

महाडच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाला एकच नाद. पिशवीत जलरंगांची पेटी, पाण्याची बाटली आणि चित्रवही. चवदार तळ्याच्या पायरीवर टेकलेली म्हातारी, तुडीलला सावित्रीत जाळं टाकणारा कोळी, बिरवाडीत खोलीबाहेर दाढी करणारा कंपनीतला कामगार, सगळे त्या वहीत होते. पोलादपूरच्या वरच्या या वाडीत तर लोक हौसेनं समोर बसायचे. मग सोमा गेला. चित्र काढून आठवडाही झाला नव्हता. त्याच्यामागून चांगू गेला, मग चंद्रभागा. मास्तरांनी वहीत घेतला की माणूस गेला, असं वाडी बोलू लागली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय. तरणीताठी सगळी मुंबईला. वाडीत उरले ते सत्तरीच्या पुढचे. मास्तरांच्या ब्रशाखाली दुसरा चेहरा येणार कुठून? पण हे सांगायचं कुणाला? मास्तर दिसले की बाया पदर ओढून आत जायच्या. गेल्या साली मास्तरांनी आपल्या आजारी बायकोचं चित्र काढलं, आणि महिन्याभरात तीही गेली. तेव्हापासून माणूस समोर आला की त्यांचाही ब्रश पेटीतच राहायचा. लोकांच्या बोलण्यावर हसणं सोपं होतं, स्वतःला समजावणं जमत नव्हतं.

"आमच्या ह्यांना काढा," बनुबाई म्हणाल्या.

मास्तर बघतच राहिले. "वाडीत काय बोलतात ते ठाऊक नाही तुम्हाला?"

"ठावं हाय. चला, चाय ठेवते."

मास्तरांना भरून आलं. एक माणूस त्यांना पुरे होता. या वहीत उतरलेला वाडीतला एक जरी माणूस पुढच्या शिमग्याला जिता दिसला असता, तर वाडी पुन्हा त्यांच्यासमोर बसली असती. आणि बायकोच्या चित्राचं पान त्यांनाही उघडता आलं असतं. त्यांनी पेटी मिटली आणि ते बनुबाईंच्या मागून चालू लागले.

ओटी ताजी सारवलेली होती. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेल्या रावजींना उशीला टेकवून बसवलं होतं. दाढी केलेली, धुतलेली टोपी, अंगावर ठेवणीतली शाल. पलीकडे कोंबड्यांचं खुराडं उघडं होतं.

"कोंबड्या कुठं गेल्या?" मास्तरांनी विचारलं.

"शेजारच्या मंजुळाला देऊन टाकल्या. गाय बी तिच्याच दावणीला बांधली." बनुबाईंनी चहा पुढे ठेवला. "वही आडवी धरा, मास्तर. आन् ह्यांना कडेला घ्या. मधी नको."

मास्तर हसले. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण त्यांना शिकवणारं आज भेटलं. त्यांनी वही आडवी केली. रावजी डावीकडे. उरलेल्या अर्ध्या पानावर मागचा डोंगर घ्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"अजून धा वर्सं काडतील म्हणतो. जीव चिवट हाय." रावजींच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती, ती त्यांनी पदरानं टिपली. "पुढच्या रविवारी पोरं गाडी घेऊन येतात. ह्यांना भरत नेणार नालासोपाऱ्याला. मला विनीत, पनवेलला."

"वेगवेगळे?"

"रूम बारक्या. दोघं एका ठिकाणी मावत नाय म्हणतात." त्यांनी रावजींची शाल सारखी केली. "पोरं वाईट नाय मास्तर. भरतची बायको करील सगळं. पण ह्यांना भात मऊ कालवून लागतो. घास आडला तं बोलता येत नाय ह्यांना. ते मलाच कळतं."

"जात जा की अधनंमधनं."

"मला त्या गाडीतलं काय कळतं."

मास्तरांनी पेटी उघडली. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला.

गालाचा उतार, टोपीचा जुना पांढरा, लुळ्या हाताची सुरकुतलेली कातडी, एकेक रंग जागच्या जागी बसत गेला. शेवटी डोळे. रावजींचे डोळे बनुबाई जातील तिकडे जात होते, तसेच ते पानावर उतरले. फार दिवसांनी मास्तरांना आपलं काम आवडलं. या माणसाला जगू दे, असं ते मनातल्या मनात म्हणाले.

"सोमाचं चित्र त्याच्या घरी हाय?" बनुबाईंनी मध्येच विचारलं.

"नाही. मी पान फाडत नाही. वहीतच आहे."

"मंग हेबी वहीतच ऱ्हाऊ द्या."

"ठेवतो की. शिमग्याला भरतला सांगून ह्यांना गावी आणवा. ह्याच ओटीवर बसवू, आणि सगळ्या वाडीला बोलावून चित्र दाखवू. मग बघू कोण काय बोलतं."

बनुबाईंनी चहाचा रिकामा कप उचलला. त्या उठून आत गेल्या.

मास्तरांनी हिरवा रंग कालवला. अर्धं पान अजून कोरं होतं आणि ऊन डोंगरावर चांगलं पडलं होतं.

बनुबाई बाहेर आल्या तेव्हा केस विंचरलेले होते. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि अंगावर घडीचं हिरवं लुगडं. त्या रावजींच्या डाव्या अंगाला बसल्या. त्यांचा लुळा हात उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"डोंगर नको मास्तर," त्या म्हणाल्या. "तिथं मला काढा. ह्याच पानावर. मागं-पुढं नको व्हायला."